थ्री नॉट थ्रीचा कुठला भाग मूळचा, कुठला नंतरचा?

"मॅडम, ही १९१७ ची ओरिजिनल आहे ना? पाटीवर तसंच लिहायचंय."

पुण्यातल्या एका जुन्या कॉलेजची एनसीसीची खोली. टेबलावर सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर एक थ्री नॉट थ्री रायफल आडवी ठेवलेली. कॉलेजच्या वर्धापनदिनाला ती काचेच्या कपाटात मांडायची होती. विचारणारे सर इतिहासाचे. रायफलीच्या उजव्या अंगाला ठोकलेलं साल त्यांनी नीट वाचलं होतं आणि ते खरोखरच १९१७ होतं. तरी मला लगेच "हो" म्हणवेना. माझे वडील खडकीला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये आर्मरर होते. शस्त्रं उघडायची, तपासायची, दुरुस्त करायची यात त्यांची सगळी नोकरी गेली. बाबा सांगायचे, जिथे साल ठोकलंय तेवढ्या लोखंडाचं ते साल, बाकीच्या रायफलीला वेगळं विचारायचं.

म्हणून आम्ही विचारत बसलो. अडीच तासांनी त्या एका रायफलीत किमान पाच ठिकाणचे भाग निघाले. सरांचा चेहरा उतरला, पण माझ्या दृष्टीने रायफल आता कुठे बोलायला लागली होती. ते भाग कसे ओळखले, ते इथे सांगते. शाळा-कॉलेजांत, पोलीस मुख्यालयांत, छोट्या संग्रहालयांत अशा रायफली अजून आहेत, आणि त्यांच्या पाट्या बहुतेक वेळा फक्त एक साल वाचून लिहिलेल्या असतात.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. पॉइंट थ्री नॉट थ्री हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, आहे. सामान्य माणसाला त्याचा परवाना सहजी मिळत नाही. गावाकडे परवान्याची म्हणून जी बोल्टची, म्हणजे दांडा हाताने मागे-पुढे करून गोळी भरायची, रायफल दिसते, ती बहुधा पॉइंट थ्री वन फाइव्ह असते. तीही बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली आणि याच यंत्रणेवर बांधलेली, पण लष्करी नव्हे. तेव्हा पुढचं सगळं संस्थेच्या ताब्यात रीतसर असलेल्या शस्त्रांबद्दल आहे आणि ते शस्त्र ज्यांच्या जबाबदारीवर आहे त्यांच्यासमोर बसूनच करायचं. आमच्या टेबलाशीही एनसीसीचे अधिकारी पूर्णवेळ बसून होते.

भाग बदलतातच का?

या रायफलीचं पूर्ण नाव शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड. जिला आपण थ्री नॉट थ्री म्हणून ओळखतो तो तिचा मार्क तीन हा अवतार ब्रिटिश सैन्याने १९०७ साली घेतला. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरायच्या. इंग्लंडमध्ये एन्फिल्डचा सरकारी कारखाना, बर्मिंगहॅमची बी.एस.ए. आणि लंडनची एल.एस.ए., ऑस्ट्रेलियात लिथगो आणि आपल्याकडे बंगालमधलं ईशापूर, एवढ्या ठिकाणी ती बनली. तिची काडतुसं पुण्याला परकी नाहीत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, आणि ज्या पितळी काडतुसाच्या बुडावर के.एफ. ही अक्षरं असतात ते खडकीचं.

आता तिची नोकरी किती वर्षांची झाली ते बघा. दोन महायुद्धं झाली, फाळणी झाली, मग पोलिसांकडे आणि एनसीसीकडे पिढ्यान् पिढ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात याच जातीच्या रायफली होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० साली निरोप दिला. एवढ्या वर्षांत नळी झिजते, कारण जुन्या काडतुसांतलं कॉर्डाइट, म्हणजे त्यांतली दारू, फार उष्ण जळायचं आणि नळीतले पीळ खाऊन टाकायचं. कोकणच्या किंवा आसामच्या पावसाळ्यात एखादी नळी एका मोसमात गंजून खराब होते. लाकूड तेल पिऊन मऊ पडतं, उन्हाने आक्रसतं, परेडच्या मैदानावर आपटून फुटतं. या सगळ्यावर तोडगा एकच: जो भाग गेला तो काढा, दुसरा बसवा. रायफल अशा दुरुस्तीसाठीच आखलेली होती.

आणि आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. मराठ्यांची फिरंग तलवार घ्या. पातं युरोपातून आलेलं, मूठ इथल्या कारागिराने चढवलेली. संग्रहालयात ती बघून कुणी "मिसमॅच" म्हणत नाही. पातं कुठलं, मूठ कुठली, हे वेगवेगळं लिहितात आणि तलवार एकच मानतात. रायफलीला हाच न्याय लावायचा आहे. भाग बदललेला असणं वाईट नव्हे. तो कुणी बदलला, केव्हा आणि कशासाठी, हे शोधायचं. सैन्याच्या सेवेत असताना आर्मररने बदललेला भाग हा त्या रायफलीच्या आयुष्याचा हिस्सा असतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी शोभेसाठी किंवा विकण्यासाठी लावलेला भाग हा वेगळा प्रकार. दोन्ही ठिकाणी नंबर जुळत नाहीत, किंवा दोन्ही ठिकाणी जुळतातही. म्हणून नुसता नंबर वाचून भागत नाही.

नंबर कुठे शोधायचे?

मध्यभागी जो लोखंडी ठोकळा असतो, ज्यात बोल्ट मागे-पुढे सरकतो, त्याला आर्मरर लोक बॉडी म्हणतात. रायफलीची ओळख म्हणजे बॉडीचा नंबर. तो उजव्या बाजूला, पुढच्या कड्यावर असतो. तोच नंबर आणखी काही ठिकाणी ठोकलेला असायला हवा: नळीच्या मुळाशी, बोल्टच्या दांड्याच्या मागच्या अंगाला, बॅकसाइटच्या, म्हणजे नेम धरायच्या मागच्या साधनाच्या, पट्टीच्या खालच्या बाजूला, पुढे संगीन अडकते त्या नोजकॅपवर आणि फोरएंडवर, म्हणजे नळीखालच्या लांब लाकडावर, पुढच्या टोकाशी खालून. बटवर, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यावर, नंबर शोधत बसू नका. बट सैनिकाच्या उंचीप्रमाणे बदलायचा. आखूड असेल तर त्यावर एस, लांब असेल तर एल, अगदीच ठेंगण्या माणसासाठी बी. बटच्या उजव्या अंगाला पितळी चकती असली तर तिच्यावर पलटणीच्या खुणा असतात, आणि त्या वाचून "ही रायफल अमक्या पलटणीची" असं लोक ठोकून देतात. ती खूण बटपुरती. बट दुसऱ्या रायफलीवरून आला असेल तर पलटणही दुसऱ्याच रायफलीची.

कारखान्याचं नाव आणि साल असतं ते बॉडीच्या मागच्या भागात, जिथे बट खोबणीत बसतो तिथे उजवीकडे. आमच्या रायफलीवर तिथे मुकुट, त्याखाली जी.आर., मग बी.एस.ए. कंपनी, १९१७, आणि शेवटी रोमन तीन व एक तारा. तारा फार कामाचा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायला मार्क तीनमधल्या काही गोष्टी गाळल्या. लांब पल्ल्यावर एकदम मारा करण्यासाठी डाव्या बाजूला लावलेली व्हॉली साइट गेली. मॅगझिन बंद ठेवून एकेक गोळी भरता यावी म्हणून असलेली कट-ऑफची पत्री गेली. बॅकसाइट डावी-उजवीकडे सरकवायचा स्क्रू गेला. हा साधा केलेला प्रकार म्हणजे मार्क तीन तारा. एकदा तारा दिसला की बाकीच्या भागांकडून काय अपेक्षा करायची ते ठरतं.

राजाची आद्याक्षरंही तपासायची. व्ही.आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया, जी जानेवारी १९०१ मध्ये वारली. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. पुढे जी.आर. म्हणजे जॉर्ज, पाचवा आणि नंतर सहावा. १९०७ साली जन्मलेल्या रायफलीवर व्ही.आर. दिसलं तर ती सरहद्द प्रांताकडच्या गावठी कारागिराची नक्कल. खैबरकडच्या त्या कारागिरांचं हातकाम थक्क करणारं होतं, पण त्यांना अक्षरं वाचता येत नसत. पाहून पाहून कोरलेलं, म्हणून कुठे एन उलटा, कुठे साल आणि राणी यांचा मेळ नाही. अशी रायफल सापडली तर ती फेकू नका, तिची कहाणी वेगळीच आणि मोलाची आहे. फक्त तिला एन्फिल्ड म्हणून मांडू नका.

नावाच्या पद्धतीवरूनही काळ कळतो. १९२६ मध्ये ब्रिटिशांनी रायफलींची नावं बदलून क्रमांक दिले, तेव्हा शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्डची नंबर एक झाली. बॉडीवर "नंबर १" असं ठोकलेलं असेल तर तो ठसा १९२६ नंतरचा, मग शेजारी दुसरं कुठलंही साल असो.

तिरपा उजेड आणि धीर

हत्यारं अगदी साधी. मोबाईलचा टॉर्च, भिंग, जुना मऊ टूथब्रश, सुती फडकं, थोडं तेल, पातळ कागद आणि पेन्सिल. टॉर्च वरून सरळ मारला तर काही दिसत नाही. तो पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून तिरपा धरायचा, म्हणजे अंकांच्या कडा सावल्या टाकतात. तेव्हा रंगाखाली दडलेला जुना ठसासुद्धा उमटतो. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठशाची छाप मिळते आणि दोन ठसे शेजारी ठेवून जुळवता येतात. वायर ब्रश, सँडपेपर, रंग काढायचं रसायन यांना टेबलाजवळ येऊ देऊ नका. ईशापूरने आणि इतरांनी नंतरच्या काळात काळा रंग चढवलेल्या बऱ्याच रायफली आहेत. तो रंगही दुरुस्तीचा पुरावाच आहे.

आमच्या बॉडीवर नंबर होता ४१७२. नळीच्या मुळाशी? तोही ४१७२. सर खूश झाले. मी त्यांना टॉर्च दिला आणि म्हटलं, आता दोन्हीतला चारचा आकडा बघा. बॉडीवरचा चार बारीक आणि वरून मिटलेला, नळीवरचा जाड आणि उघडा. एकाच माणसाने एकाच दिवशी एकाच पंचसंचाने ठोकलेले आकडे असे वेगळे येत नाहीत. मग नळीच्या मुळाशी डाव्या अंगाला बघितलं. तिथे नळीचं स्वतःचं साल असतं, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक. आमच्याकडे निघालं ४५. म्हणजे १९१७ च्या बॉडीला पुढे १९४५ ची नळी बसवली, आणि ती बसवणाऱ्याने नियमाप्रमाणे तिच्यावर बॉडीचा नंबर ठोकला. नंबर जुळतो, तरी भाग मूळचा नाही! नवशिक्याची चूक नेमकी इथे होते. जुळणारा नंबर एवढंच सांगतो की कुणीतरी जबाबदारीने हे दोन भाग एकमेकांशी जोडले. कधी जोडले ते ठशाची घडण आणि साल सांगतं.

सालात एक-दोन वर्षांचा फरक असेल तर मात्र घाई करू नका. कारखान्यात नळ्या आधी बनून पडून असत. १९१७ च्या बॉडीला १९१६ ची नळी पहिल्या दिवसापासून असू शकते. अठ्ठावीस वर्षांचा फरक असा समजावता येत नाही.

ठसा भाग तयार झाल्यावर लगेच ठोकलाय की नंतर, हे त्याच्या तळाशी दिसतं. मूळ ठशाच्या खोलीतही पृष्ठभागाचाच काळपटपणा असतो, कडा वापराने गुळगुळीत झालेल्या असतात. नंतर ठोकलेल्या ठशाच्या कडेला धातू किंचित उठलेला लागतो, नख फिरवलं की कळतं. नंबराखालचा पत्रा शेजारपेक्षा खोलगट किंवा सपाट झाला असेल तर तिथे आधीचा नंबर घासून काढलेला आहे. सैन्यातला आर्मरर सहसा असं घासत नसे. तो जुन्या नंबरावर एक आडवी रेघ मारायचा आणि शेजारी नवा ठोकायचा, वहीत चुकीचा आकडा खोडतात तसा. काय होतं आणि काय केलं, दोन्ही समोर राहतं.

आमचा बोल्ट अगदी असाच निघाला. दांड्याच्या मागे एक जुना नंबर, त्यावर स्वच्छ रेघ, खाली ४१७२. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा होता आणि रीतसर या रायफलीला दत्तक दिला होता. बोल्टच्या बाबतीत ही काळजी का, ते समजून घ्यायला हवं. गोळी सुटते तेव्हा मागे येणारा सगळा धक्का बोल्टचे दोन कान अडवतात. ते बॉडीच्या खाचांत दोन्हीकडे सारखे टेकायला हवेत. एकच कान टेकत असेल तर जोर एका बाजूला येतो. शिवाय बोल्टच्या पुढचा तुकडा, बोल्ट हेड, आणि काडतुसाचं बूड यांत किती जागा राहते तेही ठरावीकच असायला लागतं. जास्त झाली तर काडतूस फाटू शकतं. म्हणून नवा बोल्ट नुसता घालून चालत नाही, तो बसवून, टेकतोय का ते बघून, गेजने मोजून मगच त्याला नंबर मिळतो. तो नंबर म्हणजे आर्मररची सहीच.

तरी बोल्टच सर्वांत जास्त अदलाबदल झालेले सापडतात. कारण साधं आहे. बोल्ट चिमटीत धरून क्षणात निघतो. सुरक्षेसाठी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, रायफली एकीकडे आणि बोल्ट दुसरीकडे ठेवायची पद्धत होती. साफसफाईनंतर पन्नास बोल्ट एका पेटीत पडले आणि संध्याकाळी घाईने परत घातले की झालाच घोळ. नंबर न खोडता तसाच दुसरा बोल्ट दिसला तर बहुधा ही गोष्ट घडलेली असते. शेजारच्या रॅकमधल्या रायफली तपासा. अनेकदा हरवलेला बोल्ट तिथेच, दुसऱ्या बॉडीत बसलेला सापडतो.

लाकडाने दिलेला धक्का

मला सगळ्यात आवडलेला भाग आता आला. नोजकॅपवर नंबर होता ९०३६. खोडलेला नाही, बदललेला नाही, सरळ दुसराच. सर म्हणाले, "गेलं, हे तर परकंच." मग आम्ही फोरएंडच्या खालच्या बाजूचा मळ फडक्याने हलकेच पुसला. लाकडावरचा नंबर अर्धा झिजला होता. तिरप्या उजेडात वाचला: ९०३६.

बॉडीशी न जुळणारे दोन भाग एकमेकांशी जुळत होते. म्हणजे ते सुटे सुटे गोळा केलेले नव्हते. ९०३६ नावाची एक रायफल कधीतरी मोडीत निघाली आणि तिचं पुढचं लाकूड नोजकॅपसकट आमच्या रायफलीवर आलं. नोजकॅप रोजच्या साफसफाईत काढायचा भागच नाही, तेव्हा हे काम वर्कशॉपमध्येच झालं असणार. आणि पुढची गंमत, फोरएंडच्या डाव्या अंगाला व्हॉली साइटच्या चकतीसाठी कोरलेली जागा होती, रिकामी. आमची बॉडी ताऱ्याची, तिला व्हॉली साइट कधीच नव्हती. म्हणजे ९०३६ ही ताऱ्याआधीच्या घडणीची, बहुतेक आमच्या रायफलीपेक्षा वयाने थोरली. सर आता वहीत भराभर लिहायला लागले होते.

त्याच लाकडावर मॅगझिनच्या जरा पुढे, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेला एक आडवा स्क्रू होता. मूळ आराखड्यात तो नाही. लाकूड तिथे फुटू नये म्हणून भारतात नंतरच्या दुरुस्त्यांत तो घालत असत, आणि जाणकार त्याला ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. तो दिसला की रायफल भारतीय हातांतून गेली हे नक्की. आमच्या बॉडीवरही बाण आणि त्याखाली आय हे भारत सरकारच्या मालकीचं चिन्ह होतंच.

लाकडाची जात, रंग आणि दाणा हे सगळीकडे सारखं आहे का, हेही बघायचं, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. तेल आणि हातांचा घाम सत्तर वर्षांत सगळ्या लाकडांना एकाच रंगाला आणतात. ऑस्ट्रेलियन लाकूड मात्र ओळखता येतं. लिथगोच्या रायफलींना तिकडचं कोचवूड वापरलं आणि ते मऊ म्हणून धक्का बसतो तिथे आत तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांचं लाकूडकाम स्लॅझेंजरने केलं, तेच टेनिसच्या रॅकेटवाले, आणि लाकडावर त्यांच्या नावाची आद्य अक्षरं सापडतात.

लाकूड काढून आतून बघायचा मोह होतो. त्याबद्दल कळकळीने सांगते. या रायफलीचा बट आधी सोडवायचा नाही. बट धरून ठेवणाऱ्या आतल्या लांब स्क्रूचं पुढचं चौकोनी टोक फोरएंडच्या मागच्या बाजूला अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना तो स्क्रू फिरवला की लाकूड तडकतं. आधी फोरएंड, मग बट. शंभर वर्षं टिकलेली फोरएंड अशी एका मिनिटात फोडलेली मी पाहिली आहे आणि ती तड अजून डोळ्यांसमोर आहे. हाताशी जाणकार नसेल तर काही उघडू नका, बाहेरून जेवढं वाचता येतं तेवढं पुष्कळ असतं.

स्क्रूच्या खाचा मात्र जरूर बघा. आर्मररच्या हाताला बरोबर मापाचा पेचकस असतो, खाच सरळ आणि धारदार राहते. खाच चिरडलेली, बाजूला ओरखडे, म्हणजे नवख्या हातांनी उघडलेली. अशा स्क्रूच्या पलीकडच्या भागावर जरा जास्त संशय घ्यायचा.

नंबर नसलेले भाग

मॅगझिन, हँडगार्ड (नळीवरचं लाकूड), बोल्ट हेड, कॉकिंग पीस यांचं काय? इथे घडणीवरून अंदाज करावा लागतो. बोल्टच्या मागचा कॉकिंग पीस, जो बोटांनी ओढतात, तो आधीच्या काळात गोल बोंडाचा होता. युद्धकाळात काम सोपं करायला सपाट बाजूंचा आणि खाचांचा केला. आमचा सपाट होता. १९१७ ला तो शोभतो, पण नंतरचाही असू शकतो, म्हणून त्याबद्दल आम्ही पाटीवर काहीच लिहिलं नाही.

मॅगझिन आणि बॅकसाइट यांत एक मोठा घोटाळा आपल्या देशात खास होतो. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने हीच रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली, तिची नावं टू ए आणि टू ए वन. दुरून दोन्ही जुळ्या बहिणी दिसतात. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, त्यामुळे गोळ्या एकावर एक तिरप्या बसतात आणि मॅगझिन खाली तिरकं होत जातं. ७.६२ ला तशी कड नाही, तिचं मॅगझिन चौकोनी डब्यासारखं. बॅकसाइटची पट्टी बघा, थ्री नॉट थ्रीची दोन हजार यार्डांपर्यंत, टू ए वनची आठशे मीटरपर्यंत. थ्री नॉट थ्रीच्या बॉडीवर आठशेची पट्टी किंवा चौकोनी डबा दिसला तर सुटे भाग एकाच कपाटात ठेवणाऱ्या कुणाचं तरी ते काम. आमची पट्टी दोन हजारांची, खाली ४१७२, अंकांची घडण बॉडीसारखीच. ती मात्र जन्मापासूनची.

डी.पी. या दोन अक्षरांकडे दुर्लक्ष करू नका. ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशा रायफलीच्या नळीच्या मुळाशी भोक पाडलेलं असतं, फायरिंग पिनचं टोक कापलेलं असतं आणि ही अक्षरं भागाभागावर ठोकलेली असतात. डी.पी. लिहिलेला भाग चालत्या रायफलीत कधीही जाता कामा नये. उलटही तितकंच महत्त्वाचं. डी.पी. रायफलीत ज्या भागावर ती अक्षरं नाहीत तो भाग नंतर आलेला. आमच्या रायफलीच्या बॉडीवर, नळीवर, बोल्टवर डी.पी. होतं, बोल्ट हेडवर नव्हतं. बोल्ट हेडवर नंबर नव्हताच. तो कवायतीच्या काळात कुठल्या तरी दुसऱ्या बोल्टवरून आला, हे एवढ्यावरूनच कळलं. अधिकाऱ्यांनी लगेच फायरिंग पिन काढून बघितली. टोक कापलेलं होतं, तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला.

बटजवळ एफ.आर. आणि दोन आकडी साल सापडलं तर ती कारखान्यात झालेल्या पूर्ण दुरुस्तीची नोंद. इंग्लंडमध्ये यालाच एफ.टी.आर. म्हणत. अशी रायफल पूर्ण सुटी करून, चांगले भाग निवडून पुन्हा बांधलेली असते. तिच्यात मूळचे भाग मोजत बसण्यात अर्थ नाही, दुरुस्तीचं साल हाच तिचा दुसरा जन्म. रशियनांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडून हस्तगत केलेल्या माउझर रायफलींचं असंच झालं. जर्मन कारखान्यांत जवळजवळ प्रत्येक भागावर नंबर पडत असे. रशियन गोदामांत त्या सुट्या होऊन पुन्हा जोडल्या गेल्या आणि बोल्टवर विजेच्या लेखणीने नवे नंबर खरडले गेले.

नंबर जुळणाऱ्या रायफलीला परदेशी बाजारात जास्त पैसे मिळतात, म्हणून तिकडे खोटे नंबर ठोकणारेही आहेत. आपल्याकडे कुणी "एवढा नोजकॅपचा नंबर जुळवून घेऊ या, बरं दिसेल" असं सुचवलं तर त्याला थांबवा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या आठव्या कलमाप्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं, बदलणं, खोटी ठोकणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी थांबवलं असतं. ९०३६ हा नंबर खोडला की ती मोडीत गेलेली रायफल दुसऱ्यांदा मरते.

सरांनी शेवटी विचारलंच, "जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारू का? १९१७ ची फोरएंड मिळाली तर?" मी नको म्हटलं, आणि त्यांनाही ते पटलं. मग तिथेच बसून आम्ही पाटी लिहिली. ती आता कपाटात रायफलीच्या खाली आहे:

"शॉर्ट मॅगझिन ली-एन्फिल्ड, मार्क तीन तारा. बॉडी व बॅकसाइट बी.एस.ए., १९१७, नंबर ४१७२. नळी १९४५ ची, सेवेत असताना बदललेली. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा, रीतसर नंबर बदलून बसवलेला. फोरएंड व नोजकॅप रायफल नंबर ९०३६ वरून घेतलेले, मार्क तीन घडणीचे. फोरएंडला भारतात स्क्रू घालून दुरुस्ती. बोल्ट हेड कवायतीच्या काळात बदललेला. कवायतीसाठी निकामी केलेली."